विकायच्या घरावर खर्च करायचा, पण कुठे?

घर विकायचं ठरलं की आपल्याकडे पहिला फोन जातो रंगाऱ्याला. दुसरा एजंटला. प्लंबरची आठवण येते गिऱ्हाइकाने बाथरूमच्या बाहेरच्या भिंतीला हात लावून बघितल्यावर. आणि सोसायटीच्या सेक्रेटरीची, म्हणजे माझी, आठवण येते टोकन खिशात पडल्यावर: "वहिनी, एनओसी उद्या मिळेल ना?" हा सगळा क्रम उलटा हवा, असं माझं ठाम मत आहे. डोंबिवली पूर्वेत, तळमजला अधिक चार, लिफ्ट नसलेल्या जुन्या सोसायटीची मी बरीच वर्षं सेक्रेटरी आहे. पोस्ट लांब होणार आहे. ज्यांना घर विकायचं नाही त्यांनी खुशाल पुढे सरकावं.

विकणाऱ्याला कधीच दिसत नाही असं काहीतरी सेक्रेटरीला दिसतं. विकणारा किल्ल्या देतो, पेढे देतो आणि जातो. नंतर आलेला माणूस काय काय फोडतो ते मी बघते, कारण डेब्रिजच्या गोण्या गेटपाशी किती दिवस ठेवायच्या यावरची भांडणं माझ्याच दारात येतात. त्या गोण्यांत काय नसतं? पीओपीचं फॉल्स सीलिंग, टीव्हीमागचं लाकडी पॅनेल, आदल्या वर्षी बसवलेल्या भिंतीवरच्या टाइल्स. दुसऱ्या मजल्यावरच्या एका कुटुंबाने विकण्याआधी चांगले साडेतीन-चार लाख घालून लालभडक मॉड्युलर किचन केलं. गिऱ्हाइकाने "छान आहे हो" म्हटलं आणि भाव दिला तो शेजारच्या विंगेतल्या काळ्या कडप्प्याच्या ओट्याच्या घराएवढाच. ताबा मिळाल्यावर सगळी लाल शटरं जिन्यात आली. नव्या बाईंना ओटा खिडकीखाली हवा होता.

यात गिऱ्हाईक कंजूष होतं असं नाही. त्याच्या खिशाचं गणित बघा. गृहकर्ज किती द्यायचं याची मर्यादा रिझर्व्ह बँकेने घातलेली आहे: तीस लाखांपर्यंतच्या कर्जाला घराच्या किमतीच्या ९० टक्के, तीस ते पंचाहत्तर लाखांपर्यंत ८० टक्के, त्यावर ७५ टक्के. म्हणजे साठ लाखांच्या घराला बारा लाख स्वतःचे हवेत. त्यावर मुद्रांक शुल्क साधारण सात टक्के, म्हणजे चार लाखांच्या वर. नोंदणीचे तीस हजार, एजंटचा एक-दोन टक्के. एकूण सतरा लाखांच्या घरात रोख गेली, आणि त्यात बहुतेक वेळा बायकोचं सोनं आणि वडिलांची एफडी असते. बँकेचा व्हॅल्युअर येतो तो इमारतीचं वय, मजला, चटई क्षेत्रफळ, मंजूर नकाशा आणि आसपासचे व्यवहार बघतो. तुमच्या किचनचं शटर हळुवार बंद होतं याबद्दल तो फारसं काही वाढवून देत नाही. मग वरचे पैसे गिऱ्हाइकाने आणायचे कुठून?

आणि याच गणितामुळे तो एका गोष्टीला मात्र भयंकर घाबरतो. गळतीला. जुनाट किचन तो दोन-तीन वर्षं चालवून घेईल. पण आत आल्याच्या दुसऱ्या महिन्यात खालच्या मजल्यावरचे काका वर येऊन "तुमच्या बाथरूममधून आमच्या छताला पाणी येतंय" म्हणाले, तर त्याच्याकडे तेव्हा पैसाच शिल्लक नसतो. म्हणून भिंतीवर ओलीचा एक डाग दिसला की दुरुस्तीला लागतील त्याच्या कितीतरी पट तो मनातल्या मनात भावातून कापतो. खर्च किती ते त्याला माहीत नसतं, त्यामुळे तो भीतीच्या हिशेबाने कापतो. हा डाग विकणाऱ्याने आधीच मुळापासून काढला तर त्याचे पैसे वसूल होतात. बाकी सजावटीचे होतीलच असं नाही.

मागे एक गिऱ्हाईक आपल्या वडिलांना घेऊन आलं होतं, निवृत्त इंजिनीअर. मी किल्ली घेऊन गेले होते, मालक परगावी. त्या आजोबांनी हॉलकडे बघितलंसुद्धा नाही. थेट बाथरूमपाशी गेले, दाराची चौकट खालून नखाने खरवडली, लाकूड भुसभुशीत निघालं. मग खिशातून किल्ली काढून फरशीवर एकेका लादीला टकटक करत गेले. दोन लाद्या बद्द वाजल्या. मग बेडरूममध्ये जाऊन कपाट पुढे ओढायला लावलं आणि मागच्या भिंतीला तळहात टेकवून तसेच उभे राहिले. त्या भिंतीला लोणा लागला होता, आणि त्यावर महिन्यापूर्वीच मारलेला नवा क्रीम रंग पापुद्र्यांसारखा सुटत होता. मुलाला म्हणाले, "चल." घराच्या भावाबद्दल एक अक्षर नाही.

ओलीवर रंग मारून ओल लपत नाही. पाणी भिंतीतले क्षार विरघळवून पृष्ठभागावर आणतं, पाणी सुकतं, क्षार तिथेच राहून फुगतात आणि रंगाला ढकलून काढतात. तुम्ही त्यावर कितीही महागाचा रंग मारा. आधी पाणी कुठून येतंय ते शोधायचं. नहाणी ट्रॅपपाशी, म्हणजे फरशीतून पाणी खाली जातं त्या जाळीपाशी, फट आहे का, टाइल्सच्या सांध्यांतलं सिमेंट गेलंय का, भिंतीतला जुना जीआय पाइप सडलाय का. आमच्या काळच्या बहुतेक इमारतींत पाइप भिंतीत गाडलेले लोखंडी आहेत आणि ते आतून गंजून इतके भरलेत की गच्चीवरची टाकी काठोकाठ असली तरी नळाला करंगळीएवढी धार. नवे सीपीव्हीसीचे, म्हणजे प्लास्टिकचे, पाइप भिंतीवरून उघडे घेतले तर दिसायला थोडं बरं दिसत नाही, पण तोडफोड कमी आणि गळलं तर लगेच कळतं. मी उघड्याच्याच बाजूची आहे.

मग संडास. जुन्या वन बीएचकेमध्ये भारतीय पद्धतीचा संडास असतो आणि आज बहुतेक गिऱ्हाइकांना कमोड हवा असतो. गुडघे दुखणारं माणूस प्रत्येक घरात आहे. हा बदल मी करा म्हणेन. पण कमोडसाठी फरशी फोडतच आहात तर खालचं वॉटरप्रूफिंग त्याच वेळी नव्याने करून घ्या, लाद्या बसवण्याआधी चोवीस तास पाणी साठवून ठेवा आणि खालच्यांकडे जाऊन छत बघा. खालच्यांच्या घरी चहा होईल, संबंध सुधारतील, आणि गिऱ्हाईक चौकशीला गेलं तर तेच तुमची साक्ष देतील. गिऱ्हाईक खालच्या मजल्यावर चौकशी करतंच, हे लक्षात ठेवा.

एक मात्र करू नका. हल्ली इंटीरियरवाले सुचवतात की संडास आणि बाथरूममधली भिंत पाडून एकच ऐसपैस करू. अहो, सकाळी साडेसातची लोकल दोघांना पकडायची आणि मुलाची शाळेची बस, अशा घरात संडास-बाथरूम वेगळं असणं याच्यासारखं सुख नाही. ते असलं तर एजंटला जाहिरातीत लिहायला सांगा.

लाइटचं काम फार कोणी बघत नाही, पण फ्यूजचा जुना लाकडी बोर्ड दिसला की तरुण गिऱ्हाईक चपापतं. एमसीबी आणि आरसीसीबीचा (भार वाढला किंवा करंट गळला तर वीज आपोआप तोडणाऱ्या स्विचांचा) नवा बॉक्स, बेडरूमला एसीसाठी चार चौरस मिलिमीटरची वेगळी वायर, झालं. दारं न घासता लागावीत. कड्या-बिजागऱ्या बसवून घ्याव्यात. मच्छरजाळी फाटलेली नसावी, ग्रिलला गंज नसावा. मोझॅक लादी असेल तर उखडू नका, पॉलिश करून घ्या. चाळीस वर्षांची मोझॅक पॉलिशनंतर इतकी सुंदर निघते की माझ्या सासूबाईंनी ती बघून "आपली पण अशीच होती का?" विचारलं. रंग सगळ्यात शेवटी, नवं प्लास्टर पूर्ण सुकल्यावर, आणि तोही फिकट एकच. एका भिंतीला जांभळा वगैरे आपल्या हौसेचा मारू नका.

आणि माळा रिकामा करा हो! पितळेचे हंडे, ट्रंका, बंद पडलेला मिक्सर, लग्नातली भेट म्हणून आलेले न उघडलेले कपबश्यांचे सेट. भंगारवाला बोलावून निम्मं काढलं तरी तेच घर मोठं दिसतं, आणि या सुधारणेचे पैसे उलट तुम्हालाच मिळतात.

पण घराइतकीच, माझ्या मते त्याहून जास्त, दुरुस्ती लागते ती फायलीला. व्यवहार मोडताना मी पाहिलेत ते बहुतेक कागदांवर. मूळ करारनामा हरवलेला. किंवा पाच रुपयांच्या स्टँपवरचा, नोंदणी नसलेला. सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर अजून दिवंगत वडिलांचं नाव. "मी नॉमिनी आहे ना" असं सांगणारा मुलगा. नॉमिनी असण्याने मालकी मिळत नाही. बहिणींचा हक्क आहे तसाच राहतो आणि बँकेचा वकील नोंदणीकृत हक्कसोडपत्र मागतो. बहीण अमेरिकेत असेल तर एवढ्यासाठीच कित्येक महिने जातात. हे काम रंगकामाच्या आधी सुरू करायला हवं.

तसंच बाल्कनी. सगळ्यांनीच ती बंद करून खोलीत घेतली आहे, मलाही माहीत आहे. व्हॅल्युअर मंजूर नकाशा घेऊन येतो आणि विचारतो. नकाशात नसलेली भिंत किंवा जागा बदललेलं स्वयंपाकघर असेल तर कर्ज अडतं किंवा कमी होतं. म्हणून विकण्याआधी नवीन काही हलवू नका. शिवाय जुन्या करारात बिल्टअप, म्हणजे भिंतींसकट क्षेत्रफळ, लिहिलेलं असतं आणि गिऱ्हाईक विचारतं कार्पेट, म्हणजे चटई क्षेत्रफळ. टेप घेऊन मोजून ठेवा, म्हणजे गिऱ्हाइकासमोर "साधारण साडेचारशे असेल" असं चाचरत सांगावं लागत नाही.

सोसायटीकडूनही काय मिळणार ते आधी विचारा. उपविधींप्रमाणे हस्तांतराला एनओसी सक्तीची नाही, पण बँक मागते आणि कमिटीची सभा काही तुमच्या टोकनच्या तारखेनुसार भरत नाही. महापालिका क्षेत्रात हस्तांतराचा प्रीमियम जास्तीत जास्त पंचवीस हजार. त्याहून जास्त "डोनेशन" कोणी मागत असेल तर तो शासनाचा नियम दाखवा, आमच्यासारख्या कमिट्यांनाही दाखवा. गच्चीतून, बाहेरच्या भिंतीतून किंवा सामाईक पाइपमधून पाणी येत असेल तर दुरुस्तीचा खर्च सोसायटीचा. वरच्यांच्या बाथरूममधून येत असेल तर त्यांचा. दोन्हींसाठी लेखी अर्ज द्या, पोचपावती घ्या. विकायच्या घाईत लोक दुसऱ्याची गळती स्वतःच्या पैशाने बुजवतात आणि मग तीच पुन्हा उगवते.

खर्चाची बिलं ठेवा. घर दोन वर्षांहून जास्त काळ तुमच्याकडे असेल तर नफ्यावर दीर्घकालीन भांडवली कर लागतो. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घरासाठी निवासी व्यक्तीला महागाईचा हिशेब न धरता साडेबारा टक्के किंवा तो धरून वीस टक्के, यातलं जे कमी ते भरायची सोय आहे. घरात कायमची भर घालणारं काम सुधारणा-खर्च म्हणून दाखवता येतं, नुसती रंगरंगोटी नाही. कंत्राटदार "बिलाशिवाय स्वस्त पडेल" म्हणतो तेव्हा हे आठवा आणि सीएला आधी भेटा. वडिलांचं २००१ च्या आधीचं घर असेल तर खरेदी किंमत म्हणून दाखवायला १ एप्रिल २००१ चं मूल्यांकनही करून घ्या.

आता वेळ. सगळे म्हणतात दसरा-दिवाळीला घर दाखवा, पितृपक्षात कोणी टोकन देत नाही. दुसरं खरं आहे. पहिल्याबद्दल मी वेगळं म्हणेन: गळतीचं काम उन्हाळ्यात मनापासून केलं असेल तर घर जुलैमध्ये दाखवा. बाहेर धो धो पाऊस, जिन्यात ओल्या छत्र्यांची रांग, आणि आत भिंत कोरडी! गिऱ्हाइकाला याहून मोठा पुरावा कुठला देणार? चौथ्या मजल्यावरच्या बाईंनी माझं ऐकून असंच केलं. भावावर घासाघीस झालीच, ती होणारच, पण ओलीच्या नावाखाली एक रुपया कोणाला कापता आला नाही.

हे सगळं लागू नाही अशी एकच स्थिती: सोसायटीत पुनर्विकासाचं खरोखर ठरत आलं असेल तर. नुसती चर्चा म्हणत नाही मी, चर्चा तर आमच्याकडेही प्रत्येक सभेत चहाबरोबर होते. पण २०१९ च्या शासन निर्णयाप्रमाणे एकावन्न टक्के सभासदांची संमती झाली असेल, बिल्डर ठरला असेल, तर गिऱ्हाईक तुमचं घर घेतच नाहीये, तो उद्याच्या इमारतीतला तुमचा हक्क घेतोय. तिथे कमोडही नको, पॉलिशही नको. खालच्यांचं छत गळत असेल तेवढं थांबवा, थकबाकी भरून टाका आणि सभेच्या इतिवृत्ताच्या प्रती मागून घ्या. अर्ज केलात तर देते मी. फक्त टोकन घ्यायच्या आधी करा.