एच म्हणजे हाउस नव्हे

आधी एक घोळ निस्तरून घ्या. पावसाळ्यात ठाण्यात घरोघर फिरणाऱ्या आरोग्य खात्यातल्या ताईंसमोर 'इंडेक्स' म्हणालात, तर त्यांच्या डोळ्यांपुढे हाउस इंडेक्स येतो. म्हणजे शंभर घरं तपासली, तर त्यांतल्या किती घरांत डासांच्या अळ्या निघाल्या, तो आकडा. तो खाली यावा म्हणून बिचाऱ्या वागळे इस्टेटच्या चढावर पिंपांची झाकणं उचलत फिरतात. तुम्हाला साथरोगतज्ज्ञ म्हणून नाव काढायचंय ना? मग तुमचा इंडेक्स निराळा, आणि तो वर गेला पाहिजे. आद्याक्षर एकच असलं तरी दोघांची सोयरीक नाही.

तुमच्या वीस संशोधन-पेपरांचा प्रत्येकी वीसदा तरी कुणी आपल्या पेपरात दाखला दिला, की तुमचा एच-इंडेक्स 20. होर्हे हर्श नावाच्या कॅलिफोर्नियातल्या भौतिकशास्त्रज्ञानं ही मोजपट्टी 2005 च्या ऑगस्टमध्ये मांडली. त्याच्या जेमतेम आठवडाभर आधी, 26 जुलैला, सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस कोसळला होता आणि मुंबई-ठाण्याचे लोक गटाराच्या पाण्यातून घरी पोचत होते. पाठोपाठ लेप्टोची, म्हणजे तुंबलेल्या पाण्यातून लागणाऱ्या तापाची, साथ आली. एकाच पावसाळ्यातली ही दोन दुखणी. लेप्टोवर निदान डॉक्सिसायक्लिनची गोळी आहे.

आता रोग कोणता धरायचा? रुग्ण बघू नका, वाचक बघा. तुमचा दाखला देणार तो पेपर लिहिणारा माणूस. तापानं फणफणलेला मुंब्र्यातला रिक्षावाला तळटीप लिहीत नाही. त्यामुळे खरूज आयुष्यात धरू नका. ती घराघरांत असली तरी मोठ्या जर्नलांना तिची खाज सुटत नाही. कोविडचं बघा. 'लॅन्सेट' या वैद्यकीय जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे त्यातल्या पेपरांना मिळणाऱ्या दाखल्यांची सरासरी, एका वर्षात 79 वरून 202 वर गेला. जगात दुसरं काहीच इतकं धडधाकट झालं नसेल त्या दिवसांत!

साथ आली की भाकीत करा, आणि तेही पहिल्याच आठवड्यात. आर-नॉट (एक रुग्ण सरासरी किती जणांना लागण देतो, तो आकडा) टाका, डोंगरासारखी चढणारी एक रेघ काढा. खरं ठरलं तर द्रष्टे व्हाल. खोटं ठरलं तर उत्तमच, कारण ते कुठे चुकलं हे दाखवायला जो तो तुमचाच दाखला देईल. मोजणाऱ्या यंत्राला शिवी आणि शाबासकी यांतला फरक कळत नाही.

माहिती मात्र जपून वापरा. बाकरवडीचा रोल कुणी अख्खा तोंडात घालतं का? कळव्याचा डेंग्यू वेगळा, दिघ्याचा वेगळा. हद्दीच्या अलीकडचा एक पेपर, पलीकडचा दुसरा, आणि दोन्हींची तुलना हा तिसरा. तिसऱ्यात पहिल्या दोहोंचा दाखला द्यायला विसरू नका. 'आम्ही पूर्वी दाखवून दिल्याप्रमाणे' हे वाक्य पाठच करून ठेवा. कुणाला दाखवून दिलं, असं आजवर पेपर तपासणाऱ्या एकाही रिव्ह्यूअरनं विचारलेलं नाही. (मी बऱ्याच जणांची आकडेमोड करून दिली आहे, म्हणून छातीठोक सांगतो.)

लेखकांची यादी लग्नपत्रिकेसारखी भरा. ज्यानं मांडवाला हात लावला नाही, त्याचंही नाव 'आपले नम्र'मध्ये असतंच. जगभरातल्या रोगभाराचे जे अवाढव्य पेपर निघतात, त्यांत शेकडो नावं असतात. तिथे एकदा शिरकाव झाला की तुम्ही झोपलेले असतानाही दाखले येत राहतात.

चुकीची तर मुळीच धास्ती नको. मे 2020 मध्ये हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन या मलेरियाच्या औषधावर कोविडच्या 96 हजार रुग्णांचा एक पेपर 'लॅन्सेट'मध्ये आला. मूळ आकडे तपासायला मागितले, ते मिळेनात, आणि दोन आठवड्यांच्या आत पेपर मागे घ्यावा लागला. दाखले? ते त्यानंतरही येतच राहिले. आणि तरीही आत्मविश्वास डळमळलाच, तर लॅरीला आठवा. 2024 मध्ये अमेरिकेत त्याच्या नावावर 132 दाखले जमा झाले होते. लॅरी हे मांजर आहे. हे आकडे किती सहज फुगवता येतात ते दाखवायला दोघा संशोधकांनी केलेला तो उद्योग होता, पण तुम्ही त्यातून फक्त पद्धत उचला.

एवढं सगळं जमलं की घोडबंदर रोडला बाराव्या मजल्यावर घर होईल. तिथे एखाद्या गुरुवारी सकाळी, तुम्ही लॅपटॉपवर स्वतःचंच नाव शोधत बसलेले असताना, बेल वाजेल. सेक्रेटरीशी हुज्जत घालून ताई वर आलेल्या असतील. फ्रिजमागचा ट्रे बघतील, गॅलरीतल्या कुंड्यांच्या बशा बघतील आणि म्हणतील, "सर, मनी प्लांटच्या बाटलीत अळ्या आहेत. ओतून टाकू?"

घाईघाईनं हो म्हणू नका. आधी फोटो काढा, उजेडाकडे धरून, बाजूला पट्टी ठेवून. 'उंच इमारतींतील एडिस डासांची पैदास: एक निरीक्षण.' लेखक तुम्ही, तुमचे विभागप्रमुख आणि विभागप्रमुखांचे जावई. ताईंना शेवटी आभारांत घ्या, 'क्षेत्रीय कर्मचारी' म्हणून. नाव विचारायची गरज नाही. आणि बाटली परत होती तिथेच ठेवा. पुढच्या पावसाळ्यात पाठपुराव्याचा पेपर लागेल.