हे काय, आलंच!

पुण्यात पहाटे साडेपाचला पन्नाशीकडे झुकलेला एखादा माणूस रस्त्यानं पळताना दिसला, तर त्याच्या मागे एक तर कुत्रं लागलेलं असतं किंवा डॉक्टर. माझ्या मागे दोन्ही होते. आधी डॉक्टर लागले. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी ती रक्ततपासणी असते ना, तिचा आकडा ६.१ आला. साडेसहापासून पुढे मधुमेह. म्हणजे मी उंबरठ्यावरच होतो, पण चपला काढून. डॉक्टर म्हणाले, "रोज चालत जा."

एवढ्यावर भागलं असतं. पण ऑफिसात माझ्या पलीकडच्या टेबलावर एक धावपटू बसतो, आणि धावपटूला नुसतं स्वतः धावून समाधान मिळत नाही. त्याला आणखी कुणाला तरी धावायला लावावं लागतं. तो म्हणाला, "चालतोस काय? पळ! साताऱ्याची हाफ मारून टाक." डब्यातली शेवटची पोळी संपवून टाक, अशा सुरात.

साताऱ्याची हाफ म्हणजे २०१२ पासून तिथे होणारी डोंगरावरची अर्धमॅरेथॉन. शहरातून निघायचं, यवतेश्वरचा घाट चढायचा, वरून वळायचं आणि आल्या वाटेनं खाली. एकवीस किलोमीटर. मी हे अंतर आजवर फक्त दुचाकीवरून कापलं होतं, आणि त्यातही मध्ये चहाला थांबलो होतो. तरी त्याच्यासमोर नोंदणी केली. पैसे भरून झाल्यावर खाली बारीक अक्षरात ओळ दिसली : काहीही झालं तरी शुल्क परत मिळणार नाही. मधुमेहाच्या भीतीनं जे झालं नव्हतं ते त्या ओळीनं केलं. दुसऱ्या दिवशी गजर वाजायच्या आधी मी जागा होतो.

मोबाइलवर एक ॲप घेतलं. त्यातल्या बाई कानात इंग्रजीतून हुकूम सोडतात. पहिल्या आठवड्यात एक मिनिट पळायचं, दीड मिनिट चालायचं, असं आठ वेळा. वाचताना मला हा अपमान वाटला होता. पहिल्या मिनिटाच्या चाळिसाव्या सेकंदाला बाई बहुतेक झोपल्या असाव्यात, अशी शंका आली.

कुत्र्याचं प्रकरण इथेच सुरू झालं. चालणाऱ्या माणसाशी कुत्र्यांचं काही वाकडं नसतं, पळणारा मात्र त्यांना सहन होत नाही. मी मिनिटभर पळलो की आमच्या गल्लीतला तांबडा कुत्रा भुंकत मागे यायचा. मी चालू लागलो की तोही थांबून कान खाजवायचा. दीड मिनिटानं पुन्हा. आठवडाभरात त्याला वेळापत्रक पाठ झालं. पुढे पुढे तर बाई "रन" म्हणायच्या आत तो उठून आळोखेपिळोखे देत असे. मी इमानदारीनं पूर्ण मिनिट पळायचो याचं सगळं श्रेय त्याचं आहे. एका पहाटे आमची ही गॅलरीतून बघत होती. मी घरी आल्यावर म्हणाली, "अहो, आज तो तुमच्या पुढे होता."

मग मी तळजाईच्या टेकडीवर जायला लागलो. तिथे पहाटे एवढी गर्दी असते की कुत्र्यांनाच कुणाच्या मागे लागावं ते कळत नाही. जाणकार सांगतात की नवख्यानं अशा वेगानं पळावं, ज्या वेगात गप्पा मारता येतील. मला बोलता येत नव्हतं, पण ऐकता यायचं. साडीवर पांढरे बूट घातलेल्या दोन आजी रोज झपाझप चालत मला मागे टाकायच्या. त्यांतल्या एकीच्या सुनेच्या बहिणीचं लग्न मोडायच्या बेतात होतं. नवऱ्यानं परस्पर फ्लॅट विकला इथपर्यंतची हकिगत मला मिळायची, आणि नेमकं ती बहीण काय म्हणाली हे येईपर्यंत त्या वळणावरून पुढे निघून गेलेल्या असायच्या. घड्याळं, हृदयाचे ठोके, किलोमीटरमागे लागणारी मिनिटं ही मोजमापं लोकांना लखलाभ. श्रावणाच्या सुमारास मी एकदा त्या दोघींच्या मागोमाग राहून अख्खा भाग ऐकला, तेव्हाच मला कळलं की माझी प्रगती होतेय. (ती बहीण वकिलाकडे गेली. बरं केलं.)

बुटांचं दुकान हा स्वतंत्र छळ आहे. तिथल्या मुलानं मला ट्रेडमिलवर पळवलं, माझ्या पावलांचं चित्रीकरण केलं, आणि पडद्यावर दाखवत गंभीरपणे म्हणाला, "सर, तुमचे घोटे आत पडतात." इतक्या वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. लग्नाच्या वेळी एवढी चौकशी झाली, पण घोट्यांबद्दल कुणी विचारलं नव्हतं. शेवटी त्यानं नेहमीपेक्षा अर्ध्या नंबरनं मोठे बूट दिले, कारण लांब पळताना पाय सुजतात. किंमत ऐकून पळण्याआधीच सुजले.

बूट घेऊन परतताना डेक्कन जिमखान्यावरून आलो आणि उगाच ओशाळलो. १९१९ साली याच जिमखान्याच्या क्रीडास्पर्धांना दोराबजी टाटा पाहुणे होते. शेतकऱ्यांची पोरं अनवाणी पळताना पाहून त्यांनी भारताचा संघ ऑलिम्पिकला धाडायचं मनावर घेतलं. पुढच्याच वर्षी अँटवर्पला बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन पळाले, २ तास ५० मिनिटांत, आणि एकोणिसावे आले. मला पुढे साताऱ्यात अर्ध्या अंतराला याहून जास्त वेळ लागला. शंभर वर्षांत बुटांची प्रगती फार झाली आहे, यात वाद नाही.

दरम्यान नडग्या दुखायला लागल्या. फिजिओथेरपिस्ट बाईंनी मला पालथं झोपवून कमरेखाली दोन बोटं टोचली आणि म्हणाल्या, "तुमचे ग्लूट्स झोपलेत." नितंबांबद्दल बोलत होत्या. मला हा अन्याय वाटला. माझी सबंध नोकरी त्यांच्या बळावर झाली आहे. घरातली सगळ्यात कष्टाळू जागा तीच. पण मग भिंतीला टेकून बसणं, कुशीवर पडून गुडघे उघडणं-मिटणं असे व्यायाम सुरू झाले. दर आठवड्याला अंतर फार वाढवायचं नाही, दहा टक्क्यांच्या आसपास ठेवायचं, हेही त्यांनीच सांगितलं. दहा टक्के वाढ म्हटल्यावर माझा विश्वास बसेना. ऑफिसात ती वर्षाला मिळत नाही.

या सगळ्यापेक्षा अवघड होते खालच्या मजल्यावरचे काका. रोज फाटकाशी भेटून म्हणायचे, "गुडघे जातील रे!" मी एकदा त्यांना सांगून पाहिलं की काका, हौसेनं पळणाऱ्यांपेक्षा बसून राहणाऱ्यांचेच गुडघे जास्त झिजलेले आढळतात. काकांनी दोन्ही गुडघे बदलून घेतले आहेत. ते म्हणाले, "मी जन्मात कधी पळालो नाही, तरी माझे गेले. तू तर पळतोयस! हिशेब कर." मी अजून तो हिशेब करतोय.

प्रशिक्षणातला एकच टप्पा मला उत्तम जमला. शर्यतीच्या आधीचे दोन आठवडे सराव कमी कमी करत नेतात, पाय ताजे राहावेत म्हणून. धावपटू मंडळी या काळात फार अस्वस्थ होतात म्हणे. मी या टप्प्यात जन्मजात गुणवत्ता दाखवली.

शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी साताऱ्याला हिच्या मावशीकडे उतरलो. धावपटूचे निरोप येत होते : हलकं खा, पिष्टमय खा, नवीन काही करू नकोस, तिखट तर नकोच. मी मावशींना हे नम्रपणे सांगितलं. त्या म्हणाल्या, "जावईबापू, उद्या एवढं पळायचंय आणि पोटात काही नको?" पुरणपोळ्या होत्या. पिष्टमय पदार्थ म्हणून पुरणपोळीत काही खोट काढता येत नाही, साखरेचा आकडा मी तूर्त पुण्यात ठेवून आलो होतो. पण कटाची आमटी नवीन नसली तरी तिखट होती, आणि "आमटी कशी झालीय?" या प्रश्नाला साताऱ्यात एकच उत्तर असतं, पुढे केलेली वाटी.

त्यामुळे पहाटे पोलीस परेड ग्राउंडवर मी सर्वात आधी तात्पुरत्या शौचालयांची रांग गाठली. त्या दिवशीची खरी चुरस मी तिथे पाहिली. छातीवर नंबर लावलेले, पोटऱ्या दगडासारख्या झालेले, हातात हजारोंची घड्याळं बांधलेले पुरुष एका निळ्या प्लॅस्टिकच्या दाराकडे अशा एकाग्रतेनं बघत होते, की ती एकाग्रता त्यांना पुढे घाटातही कामाला आली असणार. जांघांना आणि बगलांना व्हॅसलीन लावण्याचा कार्यक्रमही तिथेच उघड्यावर, मोकळ्या मनानं चालला होता. अनोळखी गृहस्थानं डबी पुढे करून "घ्या, लाजू नका," म्हणण्याचा प्रसंग माझ्यावर प्रथमच आला. घेतलं. फार उपयोग झाला.

शर्यत सुरू झाली तेव्हा काही झालंच नाही. पुढचे निघून गेले, मधले हलले, आणि बऱ्याच वेळानं आम्ही मागचे चालत चालत सुरुवातीच्या पट्टीपर्यंत पोचलो. नंबरातल्या चिपमुळे पट्टी ओलांडल्यापासूनच तुमचा वेळ मोजतात, तेव्हा घाई नव्हती.

शहर छान गेलं. ढोल-ताशे होते, लेझीम होतं, रस्त्याच्या कडेला आख्खी कुटुंबं उभी होती. एरवी आमच्या गल्लीत मला पळताना पाहून लोक काळजीत पडतात. इथे टाळ्या वाजवत होते. त्या नादात मी समर्थ मंदिरापर्यंत माझ्या ऐपतीबाहेर पळालो. आणि मग घाट आला.

घाटात पाऊस होता, धुकं होतं, आणि धुक्यामुळे पुढचा चढ दिसत नव्हता ही देवाची कृपा होती. पण कडेला सातारकर उभे होते. दमलेला माणूस पाहिला की त्यांना राहवत नाही. "काका, आलंच! ह्ये एवढंच वळण!" मी ते वळण घेतलं. तिथे दुसरे सातारकर. "हे काय, आलंच!" आपल्याकडे गावात पत्ता विचारला की जे 'हाकेच्या अंतरावर' असतं, त्याचीच ही चढावरची आवृत्ती. त्या घाटातल्या प्रत्येक माणसानं माझ्याशी प्रेमानं खोटं बोलून मला वर नेलं. फक्त एक शाळकरी पोरगा खरं बोलला. "लई हाय अजून," तो म्हणाला, आणि खारट बटाट्याची फोड हातावर ठेवली.

जायची-यायची वाट एकच असल्यामुळे पहिला आणि शेवटचा यांची गाठ पडते. मी वर जात असताना पुढचे धावपटू खाली येत होते. त्यांच्या पावलांचा आवाजसुद्धा होत नव्हता. त्यातल्या एकानं मला बघून अंगठा वर केला. मी हात वर करेपर्यंत तो दोन वळणं खाली गेला होता.

मागच्या लोकांचं जग मात्र वेगळंच असतं, आणि ते पुढच्यांना कधी बघायला मिळत नाही याचं मला वाईट वाटतं. पुढे सगळे एकेकटे. मागे आम्ही संसार मांडला होता. कराडचे एक निवृत्त बँकवाले होते, ते खडीसाखर वाटत होते. कोल्हापूरची एक मुलगी होती, ती दर वळणावर "शेवटचं हं, आता परत कधी नाही," म्हणायची. पायात गोळा आला की कुणीतरी स्प्रे मारायचं, कुणीतरी अंगठा ओढायचं. आणि आमच्या मागे, पहिल्या गिअरमध्ये घुरघुरत, ॲम्ब्युलन्स. चालकानं काच खाली करून विचारलं, "काका, बसताय का?" मी मानेनंच नाही म्हटलं. "बरं. गडबड न्हाई. आमची ड्युटीच हाय."

उतार सोपा, असं मला वाटलं होतं. उतारावर मांड्या शरीराला मागे ओढून धरायचं काम करतात, आणि माझ्या मांड्यांनी असं काम कधी केलेलं नव्हतं. त्यांनी दुसऱ्या दिवशी याची दखल घेतली. मावशींचा जिना मी उलटा उतरलो.

२० किलोमीटरच्या पाटीपाशी मला इतिहास आठवला. १८९६ ची पहिली ऑलिम्पिक मॅरेथॉन चाळीसच्या आसपासच होती. १९०८ साली लंडनला शर्यत विंडसरच्या राजवाड्यापासून काढून राजघराण्याच्या सज्जासमोर संपवली, त्यात अंतर ४२.१९५ झालं, आणि १९२१ साली तेच कायम केलं. म्हणजे मूळ हिशेबानं माझी अर्धी मॅरेथॉन इथेच संपली होती. पुढचा एक किलोमीटर साडेसत्त्याण्णव मीटर मी, इंग्लंडच्या राजघराण्याला बसल्या जागेवरून नीट दिसावं म्हणून पळलो. साताऱ्याचं राज्य इंग्रजांनी १८४८ साली खालसा केलंच होतं. वर हे.

मैदानात पदक गळ्यात पडलं. नंतर फोटो आले. पळणं आणि चालणं यांतला फरक असा, की पळताना क्षणभर दोन्ही पाय हवेत असतात. आणि ऑलिम्पिकच्या चालण्याच्या शर्यतीत एक पाय कायम जमिनीवर दिसावा लागतो, नाहीतर पंच बाद करतात. माझा कुठलाही फोटो घ्या, मी बाद होत नाही.

दुपारी आईचा फोन आला.

"झाली का रे शर्यत?"

"झाली. पूर्ण केली."

"कितवा आलास?"

"आई, हजारो लोक होते."

"ते असू दे. कितवा?"

मी आकडा सांगितला. तिकडे जरा वेळ शांतता.

"मग तुझ्यामागे कुणी होतं की नाही?"

"होती ना. ॲम्ब्युलन्स."

आई आणखी काही न बोलता फोन ठेवून गेली. संध्याकाळपर्यंत आमच्या सगळ्या नातेवाइकांत बातमी पोचली होती, की साताऱ्याच्या शर्यतीत आमच्यातल्या एकाला स्वतंत्र गाडी दिली होती, ड्रायव्हरसकट.