सिकोर्स्कींचा दाखला देण्याआधी पोलंडचं २००७ साल नीट वाचा

“प्रगत लोकशाहीत पक्षांतराला कुणी नावं ठेवत नाही” अशा मथळ्याचा एक मेसेज सध्या फिरतोय. सोबत पोलंडचे परराष्ट्रमंत्री राडोस्लाव सिकोर्स्की यांचा फोटो. मजकूर थोडक्यात असा: सिकोर्स्की हे कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीत पोलिश निर्वासित पाठवणाऱ्या जनरल सिकोर्स्कींचे नातू. त्यांनी पाच पक्ष बदलले आणि दर वेळी मंत्रिपद मिळवलं. २००७ साली संरक्षणमंत्री असताना चाळीस खासदार घेऊन ते बाहेर पडले, सरकार पाडलं आणि नव्या सरकारात परराष्ट्रमंत्री झाले. पोलंडमध्ये पक्षांतरबंदी कायदाच नाही, त्यामुळे जनतेने ते आनंदाने स्वीकारलं. पुढे त्यांचं ब्रिटिश नागरिकत्व आणि अमेरिकन बायको. आणि शेवटी ठळक अक्षरांत: “आपल्याकडेच एवढा गहजब का?”

माझे एक काका कोल्हापुरात असतात. शिक्षक होते, आता निवृत्त आहेत. त्यांनी हा मेसेज सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींना मोठ्याने वाचून दाखवला आणि मग मला पाठवला, खाली लिहून, “बघ, तू उगाच चिडत असतोस.” काका खोटं पसरवणारे नव्हेत. वळिवड्याचं नाव दिसलं आणि त्यांनी पुढचं सगळं खरं धरलं, आणि माझा राग नेमका त्यावरच आहे. कोल्हापूरकरांच्या मनातल्या एका खऱ्या, चांगल्या आठवणीचा हात धरून बाकीचा खोटेपणा घरात शिरलाय.

म्हणून आधी नातवाचं निकालात काढतो. जनरल व्वादिस्वाव सिकोर्स्की हे दुसऱ्या महायुद्धात लंडनमधल्या निर्वासित पोलिश सरकारचे पंतप्रधान. सोव्हिएत संघाने हद्दपार केलेल्या पोलिश कुटुंबांची सुटका झाली ती त्यांनी जुलै १९४१ मध्ये मॉस्कोशी केलेल्या करारामुळे. त्यातलीच माणसं इराणमार्गे हिंदुस्थानात आली आणि १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्याला सुमारे पाच हजार पोलिश लोक राहिले. इथवर मेसेजला आधार आहे. पण जनरल सिकोर्स्की ४ जुलै १९४३ ला जिब्राल्टरला विमान अपघातात गेले. त्यांना एकच अपत्य, मुलगी झोफिया. तिचं लग्नानंतरचं आडनाव लेश्नियोव्स्का, आणि ती त्याच विमानात होती, तीही गेली. मग सिकोर्स्की आडनावाचा नातू येणार कुठून? आजचे सिकोर्स्की १९६३ साली बिडगोश्चमध्ये जन्मले. हे आडनाव पोलंडमध्ये सर्रास सापडतं. कोल्हापूरच्या महावीर उद्यानातला पोलिश लोकांचा स्मृतिस्तंभ ज्यांनी पाहिलाय, त्यांच्या भावनेशी असा खेळ करायला नको होता.

पाच पक्षांचा मुद्दा अर्धा खरा आहे, आणि तो अर्धा मी मान्य करतो. सिकोर्स्की एकाच झेंड्याखाली राहिलेले नाहीत. १९९२ मध्ये पंतप्रधान ओल्शेव्स्कींच्या सरकारात ते काही महिने उपसंरक्षणमंत्री होते. पुढे १९९८ ते २००१ पंतप्रधान बुझेक यांच्या सरकारात उपपरराष्ट्रमंत्री. २००५ मध्ये लॉ अँड जस्टिस पक्षाच्या उमेदवारीवर सेनेटर आणि संरक्षणमंत्री. २००७ पासून सिव्हिक प्लॅटफॉर्म पक्ष. पण कसंही मोजलं तरी पाच होत नाहीत, आणि मधली सगळीच पक्षांतरं नाहीत. बुझेक सरकार ज्या सॉलिडॅरिटी आघाडीचं होतं, ती १९९७ ची निवडणूक जिंकली आणि २००१ मध्ये संसदेच्या कनिष्ठ सभागृहात तिला एकही जागा मिळाली नाही. नव्वदच्या दशकात पोलंडच्या उजव्या बाजूचे पक्ष फुटत, जुळत, नाव बदलत आणि संपत होते. ज्यांचं घरच राहिलं नाही त्यांनी घर बदललं असं म्हणता येत नाही. लॉ अँड जस्टिस आणि सिव्हिक प्लॅटफॉर्म हे दोन्ही मोठे पक्ष २००१ साली निघाले. दोघांची मुळं कम्युनिस्ट राजवटीविरुद्धच्या सॉलिडॅरिटी चळवळीत. २००५ च्या निवडणुकीत हे दोघे मिळून सरकार बनवणार असं दोन्हीकडून उघड बोललं जात होतं आणि मतदारांनीही तसंच गृहीत धरलं होतं. निकालानंतर बोलणी फिसकटली आणि मग हाडवैर झालं. २००५ मध्ये एकाकडून आलेला माणूस २००७ मध्ये दुसऱ्याकडे दिसतो, तेव्हा ही पार्श्वभूमी सोडून चालत नाही.

आता मुख्य गोष्ट, चाळीस खासदार आणि पाडलेलं सरकार. मेसेजमधलं हे सगळ्यात धडधडीत खोटं आहे, आणि सगळ्यात घातकही, कारण सगळा युक्तिवाद त्याच्यावर उभा आहे.

सिकोर्स्की तेव्हा सेनेटर होते. पोलंडच्या संसदेत दोन सभागृहं: ४६० जणांचं सेम आणि १०० जणांची सेनेट. सरकारवर विश्वास की अविश्वास, हे फक्त सेम ठरवतं. सेनेटला त्यात मतच नाही. म्हणजे सिकोर्स्कींनी ठरवलं असतं तरी स्वतःच्या मताने त्यांना सरकार पाडता आलं नसतं. आणि त्यांच्यामागून कोणी चाळीस जण गेलेच नाहीत. चाळीस हा आकडा जून २०२२ च्या महाराष्ट्रातला आहे. तो उचलून वॉर्सामध्ये नेऊन ठेवलाय.

झालं ते असं. संरक्षणमंत्री सिकोर्स्की आणि लष्करी प्रतिहेरखात्याचे (परक्या हेरांवर नजर ठेवणाऱ्या खात्याचे) प्रमुख अँटोनी माचेरेविच यांचं जमत नव्हतं. १९९२ च्या त्या अल्पायुषी सरकारात माचेरेविच गृहमंत्री होते, म्हणजे ओळख जुनी. आता ते जुनी लष्करी गुप्तचर यंत्रणा मोडीत काढून नवी उभी करत होते, संरक्षणमंत्र्याच्या अखत्यारीतल्या खात्यात, आणि संरक्षणमंत्र्याचं मत त्यात चालत नव्हतं. पंतप्रधान यारोस्लाव काचिन्स्कींनी माचेरेविच यांची बाजू घेतली. फेब्रुवारी २००७ मध्ये सिकोर्स्कींनी राजीनामा दिला, अलेक्झांडर श्चिग्वो नवे संरक्षणमंत्री झाले, सरकार चालू राहिलं.

सरकार गेलं ते त्यानंतर काही महिन्यांनी आणि वेगळ्याच कारणाने. जुलैमध्ये भ्रष्टाचारविरोधी विभागाने शेतजमिनीच्या एका प्रकरणात सापळा लावला, त्याची झळ उपपंतप्रधान आंद्रे लेप्पर यांना लागली आणि काचिन्स्कींनी त्यांना काढलं. लेप्पर यांचा सामोओब्रोना पक्ष हा आघाडीतला भिडू, त्यामुळे आघाडी कोसळली. ७ सप्टेंबरला सेमने दोन तृतीयांशाहून जास्त मतांनी स्वतःची मुदत संपवली, आणि त्या ठरावाला काचिन्स्कींच्या पक्षानेही मत दिलं. २१ ऑक्टोबरला निवडणूक झाली. सिकोर्स्की बिडगोश्चमधून सिव्हिक प्लॅटफॉर्मच्या यादीवर उभे राहिले. पोलंडमध्ये मतदार पक्षाच्या यादीतल्या एका नावापुढे फुली मारतो, म्हणजे पक्षही निवडतो आणि माणूसही. सिकोर्स्कींच्या नावापुढे १ लाख १७ हजारांहून जास्त फुल्या पडल्या. परराष्ट्रमंत्रिपद मिळालं ते नोव्हेंबरमध्ये, या मतांनंतर.

हा क्रम लक्षात घ्या: आधी मंत्रिपद सोडलं, मग निवडणूक आली, मग नव्या चिन्हावर मतं मागितली, मग पद. मेसेजमध्ये हा क्रम उलटा केलाय. आपल्याकडे ज्याच्यावर लोक चिडतात तो हाच उलटा क्रम आहे. एका नावावर मतं घ्यायची, मुदतीच्या मध्येच ती दुसऱ्याच्या पदरात टाकायची, आणि मतदाराला विचारायचं पाच वर्षं पुरी झाल्यावर.

सिकोर्स्की या सगळ्यात साधुसंत होते असं मी म्हणत नाही. मंत्रिपद सोडल्यापासून काही महिन्यांतच त्यांच्या हाती दुसरा झेंडा होता. २००७ च्या प्रचारात, कालपर्यंत ज्या सरकारात बसले त्याच लोकांच्या टोळ्यांना कापून काढू अशा अर्थाचं ते बोलले. ते वाक्य वाईट होतं आणि विरोधक आजही ते त्यांच्या तोंडावर मारतात.

आता कायद्याचं. पोलंडमध्ये पक्षांतरबंदी कायदा नाही हे खरं आहे. १९९७ च्या पोलिश राज्यघटनेचं कलम १०४ वाचा: संसद सदस्य हे राष्ट्राचे प्रतिनिधी असतात आणि मतदारांच्या सूचनांनी बांधलेले नसतात. कलम १०८ ने तोच नियम सेनेटरनाही लागू होतो. पक्ष सोडला म्हणून जागा जात नाही. आपल्याकडे १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने पक्षांतरबंदीची दहावी अनुसूची आली आणि २००३ च्या ९१ व्या दुरुस्तीने एक तृतीयांश सदस्य एकत्र फुटले तर चालतं ही पळवाट बंद झाली. दोन देशांनी दोन रस्ते निवडले. पण कलम १०४ मधून “म्हणून तिथे कुणी नावं ठेवत नाही” हा निष्कर्ष काढणं म्हणजे वाचणाऱ्याला मूर्ख समजणं. तिथे लोक नावं ठेवतात, आणि चांगलीच ठेवतात. दोन प्रसंग सांगतो.

पहिला सप्टेंबर २००६ चा, सिकोर्स्की संरक्षणमंत्री असतानाचा. लेप्पर यांना काही काळ सरकारातून काढलं होतं, त्यामुळे बहुमत गेलं होतं आणि त्यांच्या पक्षातून माणसं ओढायचे प्रयत्न चालले होते. रेनाता बेगेर या त्या पक्षाच्या खासदार. पंतप्रधान कार्यालयातले राज्यमंत्री अ‍ॅडम लिपिन्स्की त्यांच्या खोलीवर बोलणी करायला आले. त्यांना माहीत नव्हतं की टीव्हीएन वाहिनीच्या तोमाश सेकिएल्स्की आणि आंद्रे मोरोझोव्स्की या पत्रकारांचा कॅमेरा तिथे चालू आहे. बाई कृषिखात्यात पद मागतात, ते यावर बोलायला तयार होतात. मग हुंड्यांचा, म्हणजे पैसे देण्याच्या लेखी वचनचिठ्ठ्यांचा, विषय निघतो. लेप्पर यांनी आपल्या उमेदवारांकडून काही लाख झ्लॉटींच्या (पोलिश चलन) हुंड्या आधीच लिहून घेतल्या होत्या, पक्ष सोडला तर वसूल करायला. त्यातून सोडवायचं कसं, याचीही चर्चा कॅमेऱ्यासमोर होते. २६ सप्टेंबरला हे देशाने टीव्हीवर पाहिलं. त्यानंतर पुढचे काही आठवडे पोलंडमध्ये दुसरा विषय नव्हता, आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला वॉर्सात विरोधकांचा मोठा मोर्चा निघाला. “आनंदाने स्वीकारलं” ते हे.

दुसरा प्रसंग नोव्हेंबर २०१८ चा. सिलेसिया प्रांताच्या ४५ जणांच्या प्रादेशिक सभेत लॉ अँड जस्टिसचे २२ निवडून आले, बहुमताला एक कमी. वोइचेख काऊझा हे विरोधी सिव्हिक कोअ‍ॅलिशनच्या यादीवरून नुकतेच निवडून आले होते. प्रांताची राजधानी काटोवित्सेला पहिल्याच बैठकीच्या दिवशी ते पलीकडे गेले. प्रांताची सत्ता त्या एका माणसाने फिरवली आणि त्यांना उपप्रमुखपद मिळालं. मतदान होऊन महिना झाला होता. कायद्याने कुणालाच काही करता येत नव्हतं, कारण पोलंडला तसा कायदा नाही. पण काटोवित्सेत आणि त्यांच्या झोरी गावात लोक रस्त्यावर उतरले, गद्दार म्हणून घोषणा झाल्या, राजीनामा द्या आणि पुन्हा निवडून या अशी मागणी झाली. त्यांनी राजीनामा दिला नाही. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये प्रांतप्रमुख याकुब खेल्स्तोव्स्की स्वतःच तिघांना घेऊन लॉ अँड जस्टिसमधून बाहेर पडले, बहुमत पुन्हा फिरलं आणि काऊझांचं पद गेलं. मेसेज लिहिणाऱ्याला आपल्याकडच्या प्रकारासारखं काही पोलंडमध्ये शोधायचंच होतं, तर ते इथे होतं. फक्त त्यातून त्याला हवा तो निष्कर्ष निघाला नसता.

नागरिकत्वाचं दोन ओळींत. १९८१ मध्ये सिकोर्स्की इंग्लंडला शिकायला गेले होते, डिसेंबरमध्ये पोलंडमध्ये लष्करी कायदा लागला आणि ते तिकडेच अडकले. राजाश्रय मिळाला, नंतर ब्रिटिश नागरिकत्व, आणि ते त्यांनी २००६ मध्ये, संरक्षणमंत्री असताना, सोडून दिलं. पत्नी अ‍ॅन अ‍ॅपलबॉम या इतिहासकार आणि पत्रकार आहेत. त्यांचा पक्षांतराशी काय संबंध हे मेसेजमध्येही सांगितलेलं नाही.

“दर वेळी मंत्रिपद मिळवलं” हेही तपासून बघा. राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी सिकोर्स्की स्वतःच्या पक्षात दोनदा मतदानाला सामोरे गेले. २०१० मध्ये ब्रोनिस्लाव कोमोरोव्स्कींनी त्यांना हरवलं. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये राफाल त्शास्कोव्स्कींना जवळपास तीन चतुर्थांश मतं पडली आणि सिकोर्स्कींना उरलेली. मधल्या काळात, २०१४ मध्ये, हॉटेलात चोरून रेकॉर्ड केलेली मंत्र्यांची संभाषणं छापून आली, त्यात तेही होते. परराष्ट्रखातं गेलं, सेमचं अध्यक्षपद मिळालं, तेही २०१५ च्या जूनमध्ये सोडावं लागलं आणि त्या वर्षीच्या निवडणुकीला ते उभेच राहिले नाहीत. परराष्ट्रमंत्री म्हणून परत आले ते डिसेंबर २०२३ मध्ये, त्याच सिव्हिक प्लॅटफॉर्मकडून, ज्यात ते २००७ साली गेले होते. म्हणजे ज्या माणसाला सराईत पक्षबदलू म्हणून फिरवताय, तो २००७ नंतर पक्ष सोडून कुठेच गेलेला नाही. काका, हे सगळं तुमच्या सकाळच्या मंडळींनाही वाचून दाखवा, तेवढ्याच मोठ्याने.