परतीच्या गाडीचं काय?

अ‍ॅडलेड ते डार्विन, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण टोकाकडून उत्तर टोकाकडे स्वतःच्या गाडीने, हा बेत लेखात छान मांडलाय. पण गाडी परत आणण्यावर एकच ओळ: 'आल्या रस्त्याने परत'. अहो, एका बाजूचंच अंतर सुमारे 3,000 किमी आहे! या वाटेवरच्या मुख्य रस्त्यावर, स्टुअर्ट हायवेवर, उलुरू या प्रसिद्ध महाकाय खडकाकडे जाणारा फाटा आणि कॅथरीन हे गाव सोडलं तर परतताना नवीन काय बघणार? सुट्टी मोजकी असेल तर गाडी ट्रकवर चढवून पाठवा आणि आपण विमानाने या. खर्च वाटतो, पण पेट्रोल, मोटेल आणि टायरची झीज धरून हिशेब करा, मग बोला. ट्रकचं बुकिंग मात्र निघण्याआधीच करा. बहुतेक वाहतूकदार गाडीत सामान ठेवू देत नाहीत, त्यामुळे तंबू-शेगडीचं काय करायचं तेही आधीच ठरवा. गाडी ताब्यात देताना चारही बाजूंनी फोटो काढा.

भाड्याची गाडी असेल तर दुसऱ्या शहरात सोडण्याचं शुल्क विचारा. कच्च्या रस्त्यावर विमा बहुतेकदा चालत नाही, हेही वाचून घ्या.

आणखी एक. याच हायवेवर ग्लेंडॅम्बो ते कूबर पेडी या दोन गावांमधल्या सुमारे 250 किमीत पेट्रोल नाही. संध्याकाळनंतर गाडी चालवू नका, कांगारू थेट अंगावर येतात. रोड ट्रेन (अनेक ट्रेलर जोडलेला ट्रक) 53.5 मीटरपर्यंत लांब असते, ओव्हरटेकची घाई नको. आणि लेखात डिसेंबर सुचवलाय तो कशासाठी? उत्तरेत तेव्हा पावसाळा, मधल्या वाळवंटी भागात भट्टी. मे ते ऑगस्ट बघा.