कराचीच्या बागेत एकट्या माणसालाही जागा हवी

'फक्त फॅमिलीसाठी' अशी पाटी कराचीतल्या अनेक बागांच्या फाटकावर असते. आई-बाप, पोरं, आजी-आत्या असा गोतावळा सोबत असेल तर खुशाल आत जा. एकटा पुरुष आला किंवा चार मित्र मिळून आले, की चौकीदार आडवा येतो. मला ही पाटी अजिबात पटत नाही. दोन कोटींच्या वर वस्तीच्या शहरात झाडाखाली बसायला लेकराबाळांची अट घालणं हा सरळसरळ अन्याय आहे.

शारजात आमच्या शेजारी राहणाऱ्या बाजी, म्हणजे ताई, मूळच्या कराचीतल्या नाझिमाबादच्या. या विषयावर आमची चांगली जुंपते. "भाभी, ती पाटी नसती तर अम्मीने आम्हा बहिणींना बागेत पाऊल ठेवू दिलं नसतं," असं त्या म्हणतात, आणि यावर मला पटकन उत्तर सुचत नाही. टोळकी मागे लागतात, शेरे मारतात, मुद्दाम धक्के देतात. हे ज्या बाईने सोसलंय तिला फाटकावरचा चौकीदार आधारच वाटणार. घर दोन खोल्यांचं, वर तापलेलं छप्पर, त्यात वीज गेलेली. अशा संध्याकाळी अर्धा तास मोकळ्या हवेत बसायला मिळणं ही तिथल्या बाईसाठी चैन नाही, गरज आहे.

बाजींच्या तोंडून तिथल्या सहलीचं वर्णन ऐकावं. अख्खं कुटुंब एका मोटरसायकलवर: टाकीवर धाकटा, अब्बांच्या पाठीला चिकटून मुलगी, मागे एका बाजूला पाय सोडून बसलेली अम्मी आणि तिच्या मांडीवर तान्हं. बिर्याणीचं पातेलं चादरीत गच्च बांधून दोघांच्या मध्ये. क्लिफ्टनला सी व्ह्यूच्या किनाऱ्यावर पोचलं की तीच चादर वाळूवर अंथरायची. पोरांना रंगीत झुली घातलेल्या उंटावर फेरी हवी असते. अब्बा आधी भाव विचारतात, मग घासाघीस, मग दोघांनाच बसवतात, तिसऱ्याला पुढच्या वेळी. परतताना बन कबाब: डाळ-मांसाची टिक्की फेटलेल्या अंड्यात बुडवून तव्यावर भाजायची, पावात घालायची, वर चिंचेची चटणी आणि कांदा. आपल्या वडापावचं मुंबईत जे स्थान, तेच याचं तिकडे. समुद्राला फाटक नाही, तिकीट नाही, म्हणून गरिबाचा रविवार तिथे जातो.

आता फाटकाबाहेर उभं कोण राहतं ते बघा. कराची हे पोटापाण्यासाठी आलेल्या पुरुषांचंही शहर आहे. खैबर पख्तुनख्वातून, दक्षिण पंजाबातून, सिंधच्या खेड्यांतून आलेले गवंडी, ड्रायव्हर, हमाल, चौकीदार एकेका खोलीत दाटीवाटीने राहतात. त्यांचीही फॅमिली आहे, पण ती शेकडो मैल लांब. आठवड्यातून एक दिवस सुट्टी मिळते, तेव्हा यांनी जायचं कुठे? मवाली म्हणून ज्याला आपण बाहेर ठेवतो, तो बहुतेक वेळा घरी पैसे पाठवणारा कुणाचा तरी बाप असतो. आणि फाटकावर अडवलेला माणूस सुधारत नाही, तो रस्त्यावर उभा राहतो. बायकांना त्याच रस्त्याने घरी जायचं असतं.

मुळात भांडण बाई विरुद्ध पुरुष असं नाहीच. बागाच कमी पडतात, म्हणून हे भांडण पेटतं. त्या कमी का पडतात याला कराचीत एक नाव आहे, 'चायना कटिंग'. आराखड्यात बाग, मैदान, शाळा म्हणून राखलेली जमीन खोट्या कागदांवर बारीक तुकडे करून विकायची. मोठमोठ्या पक्षांच्या आणि माफियांच्या आशीर्वादाने हा धंदा वर्षानुवर्षं चालला. लियारी नदीपलीकडचा गटर बगीचा घ्या. इंग्रजांच्या काळात सांडपाण्यावर भाजीपाला पिकवणारी ही जमीन होती, त्यावरूनच नाव पडलं. हजार एकरांच्या आसपास पसारा होता, तो कुरतडत कुरतडत निम्म्याच्या आसपास आला. निसार बलोच नावाचा तिथलाच एक कार्यकर्ता ही जमीन बागेसाठी राहावी म्हणून झगडत होता. नोव्हेंबर २००९ मध्ये त्याने पत्रकार परिषद घेतली, जमीन कोण बळकावतंय ते सांगितलं, आपल्या जिवाला धोका आहे हेही सांगितलं. दुसऱ्याच दिवशी त्याला गोळ्या घातल्या. बागेसाठी माणूस मारला गेला. हे वाचलं तेव्हापासून 'बागबगीचे म्हणजे रिकामटेकड्यांचा विषय' असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं.

उलट बाजूचं उदाहरणही याच शहरात आहे. फ्रिअर हॉल. १८६५ मध्ये उभी राहिलेली ही इमारत ज्या बार्टल फ्रिअरच्या नावाची, तो सिंधचा कमिशनर होता आणि नंतर मुंबईचा गव्हर्नर झाला. मुंबईच्या फोर्टचा तट त्याच्याच कारकिर्दीत पाडला. १९३६ पर्यंत कराची आणि पुणे एकाच मुंबई इलाख्यात होते हे आपण पार विसरलोय! हॉलच्या छतावर सादिकैन या चित्रकाराचं भलंमोठं काम आहे. १९८७ मध्ये तो गेला आणि ते अपुरंच राहिलं. मान मागे टाकून बघत राहावं असं चित्र, आणि ते कुणाच्या बंगल्यात नाही, सार्वजनिक वाचनालयाच्या इमारतीत आहे. २००२ मध्ये शेजारच्या अमेरिकी वकिलातीवर बॉम्बहल्ला झाला आणि नंतर कित्येक वर्षं सुरक्षेच्या नावाखाली ही बाग लोकांना दुरावली. वकिलात दुसरीकडे हलल्यावर ती पुन्हा मोकळी झाली. रविवारी तिथे जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो. परकर-फ्रॉकातल्या पोरी हिरवळीवर धावतात, कॉलेजची मुलं गिटार घेऊन बसतात, म्हातारे पुस्तकं चाळतात, एकटेदुकटे कामगार झाडाखाली आडवे होतात. बाजीच मला सांगतात की तिथे त्यांना कधी भीती वाटली नाही. मग बाजी, माझा मुद्दा दुसरा काय आहे? सगळ्या तऱ्हेची माणसं असली, वर्दळ असली, विक्रेते असले, की बाई सुरक्षित असते. सुनसान राखीव बागेपेक्षा जास्त.

संग्रहालयांबद्दल माझी वेगळी तक्रार आहे. मोहाटा पॅलेस बघायला लोक जातात, कारण तो दिसतो देखणा. शिवरतन मोहाटा या मारवाडी व्यापाऱ्याने १९२७ च्या सुमारास जोधपूरचा गुलाबी दगड आणि गिझरीचा पिवळा दगड वापरून बांधलेला वाडा. फाळणीत त्यांना तो सोडावा लागला, पुढे फातिमा जिना तिथे राहिल्या, १९९९ पासून संग्रहालय. पण बर्न्स गार्डनमधलं राष्ट्रीय संग्रहालय मात्र शाळांच्या सहली वगळता ओस असतं असं ऐकते. मोहेंजोदडोचा तो दाढीवाला 'पुरोहित राजा' या संग्रहालयाचा आहे! आपण सगळ्यांनी इतिहासाच्या पुस्तकात पाहिलेला, डाव्या खांद्यावरून तीन पाकळ्यांच्या नक्षीची शाल घेतलेला. उंची साडेसतरा सेंटिमीटर, म्हणजे वीतभरही नाही. १९२५-२६ च्या उत्खननात तो ज्यांना सापडला ते काशिनाथ नारायण दीक्षित आपल्या पंढरपूरचे. अशी वस्तू ज्या शहरापाशी आहे, तिथल्या पोराला ती माहीत नसेल तर दोष पोराचा नाही. संग्रहालयात उर्दू-सिंधीतून गोष्ट सांगणारा माणूस हवा, बसायला बाक हवेत, तान्ह्याला पाजायला आडोसा हवा.

प्राणिसंग्रहालयाला लोक अजून 'गांधी गार्डन'च म्हणतात. तिथली नूरजहाँ ही हत्तीण एप्रिल २०२३ मध्ये अवघ्या सतराव्या वर्षी गेली. टांझानियातून पिल्लू असताना आणलेली. तिची जोडीदार मधुबाला पुढच्या वर्षी सफारी पार्कात हलवली, ते योग्यच झालं. पिंजरे रिकामे करा, माझी ना नाही. पण 'प्राणिसंग्रहालय बंद करा' म्हणणाऱ्यांनी त्या जुन्या झाडांचं पुढे काय होणार हेही सांगावं. स्वस्त तिकिटात दिवसभर पोरं सांभाळणारी जागा शहराच्या मध्यावर दुसरी नाही, आणि मोकळी झालेली जमीन कराचीत कोणाच्या घशात जाते ते वर लिहिलंच आहे.

तर पाटी काढा म्हणताना मी बायकांना वाऱ्यावर सोडा म्हणत नाहीये. बागेत दिवे लावा. वापरता येतील अशी संडास-मुतारी बांधा, कारण त्याअभावीच बायका तासाभरात घरी परततात. छेडछाड करणाऱ्याला पकडणाऱ्या महिला पोलीस नेमा, मग तो एकटा आलेला असो की फॅमिलीसोबत. हवं तर बागेचा एक कोपरा किंवा सकाळचे काही तास फक्त बायकांना द्या. २०२३ मध्ये शहरात बायकांसाठी गुलाबी बस सुरू झाली. त्या सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी उशिरापर्यंत बागांच्या आणि समुद्राच्या मार्गावर सोडा. आणि चौकीदाराला फाटकावरून उठवून कुंपणाच्या मागच्या बाजूला उभा करा, जिथून जमीन चोरीला जाते.