त्यांना सवय असते

सकाळपासून डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय. लांबलं तर लांबू दे.

आमच्या ठाण्याच्या सोसायटीत रंगकाम चालू आहे. सकाळी कपडे वाळत घालायला गेले तर समोरच्या विंगला सातव्या मजल्यावर एक पोरगा फळीवर बसून भिंत घासत होता. कमरेला पट्टा, आणि त्याचा दोर कुणाच्या तरी एसीच्या अँगलला अडकवलेला. चार स्क्रूंवर टांगलेला तो अँगल! फोटो काढून ग्रुपवर टाकला. पाच मिनिटांत उत्तर आलं, "काळजी करू नका ताई, त्यांना सवय असते." त्याखाली सहा अंगठे.

सवय माझ्या मामालाही होती.

मामा रंगारी. लालबागच्या चाळीत आम्ही सगळे एकत्र वाढलो. सतरा वर्षांचा असताना तो पहिल्यांदा परांचीवर चढला तेव्हा मुकादम त्याला एवढंच म्हणाला, "खाली बघू नको." झालं शिक्षण. ही गोष्ट तो आम्हाला रंगवून सांगायचा, मुकादमाचा आवाज काढून. आम्ही हसायचो. पुढे तेरा वर्षं तो खाली न बघता काम करत राहिला. मग दसऱ्याच्या आधी, पावसाने भिजलेला बांबूचा बांध सुटला आणि तो दुसऱ्या मजल्यावरून पडला. खुबा मोडला. त्यानंतर आयुष्यभर तो चाळीच्या गॅलरीत खुर्ची टाकून बसला, आणि आमच्यापैकी कुणी कठड्याला टेकलं तरी ओरडायचा.

सवयीने भीती जाते. तोल जायचा थांबत नाही.

मी काही या विषयातली तज्ज्ञ नाही. पण नोकरीत असताना मला स्टोअरच्या उंच रॅकवर चढावं लागायचं, तेव्हा कंपनीने एक दिवसाचं ट्रेनिंग दिलं होतं. त्या एका दिवसात जे कळलं त्याने मी हादरले होते. नुसता कमरेचा पट्टा लावून माणूस पडला तर सगळा झटका पोटाला आणि मणक्याला बसतो. म्हणून खांद्यांवरून आणि मांड्यांमधून जाणारा पूर्ण हार्नेस लागतो, आणि हूक पाठीवर, दोन खांद्यांच्या मध्ये असलेल्या कडीत लावायचा. दोर दोन हवेत, म्हणजे जागा बदलताना एक सोडण्याआधी दुसरा लागलेला असतो.

आणि हिशोब! दोर सहा फुटांचा. दोरात झटका सोसणारी शिवलेली घडी असते, पडल्यावर ती उलगडते तिचे साडेतीन-चार फूट. कडीपासून पावलांपर्यंत माणूस पाच फूट. शिवाय पावलांखाली थोडी मोकळी जागा. म्हणजे हूक जिथे लावलाय तिथून खाली साधारण 18 फूट मोकळे हवेत. पहिल्या मजल्यावर पायाशी हूक लावून काम करणारा माणूस दोर ताणला जाण्याआधीच जमिनीवर आपटतो, हार्नेस अंगात असूनसुद्धा. हे कुणी समजावून सांगितल्याशिवाय कसं कळणार?

ट्रेनरने आम्हाला जमिनीपासून दोन फुटांवर दोन मिनिटं लटकवलं होतं. मांड्यांना मुंग्या आल्या. तो म्हणाला, असं लटकून राहिलात तर रक्त पायांत साचतं आणि काही मिनिटांत शुद्ध जाऊ शकते. म्हणून उतरवणार कोण आणि कसं, हे काम सुरू व्हायच्या आधी ठरलेलं पाहिजे. दहीहंडीत वरच्या थरातल्या पोराला दोर लावतात तेव्हा तो दोर धरणारी माणसं ठरलेली असतात ना? मग सातव्या मजल्यावरच्या पोराचा दोर कोण धरतंय?

दुपारी राहवेना, गच्चीवर गेले. पोरं टाकीच्या सावलीत जेवत होती. तो सकाळचा पोरगा जालन्याकडचा, बावीस-तेवीसचा. "काम कुणी शिकवलं रे?" "कुणी नाही काकू. बघून बघून." हातातला स्टीलचा डबा बांधकाम कामगारांच्या सरकारी सुरक्षा संचातला. त्या संचात हार्नेसही असतो, म्हणून विचारलं. म्हणाला, "आहे की, गावाकडं पिशवीतच आहे. कोणता पट्टा कुठून घालायचा तेच कळंना."

खरं सांगते, राग तिथेच उतरला. नुसतं भरून आलं. डबा कसा वापरायचा हे सांगावं लागत नाही, तो रोज वापरात आहे. हार्नेस शिकवावा लागतो.

मान्य आहे, बऱ्याचदा पोरंच हूक काढून टाकतात, कारण काम मंदावतं आणि पैसे चौरस फुटावर मिळतात. मान्य आहे की नीट करायचं तर कोटेशन वाढेल. पण मीटिंगमध्ये दीड तास आपण बदामी की मोतिया यावर भांडलो! तीन कोटेशनं समोर होती. दोर कशाला बांधणार, हे एकानेही विचारलं नाही. मीही नाही. कायद्याचं म्हणाल तर 1996 च्या बांधकाम कामगार कायद्यात दुरुस्तीची कामंही धरली होती, पण अट दहा कामगारांची होती. आमच्याकडे आठ आलेत. म्हणजे आठ जणांनी पडलेलं चालतं का?

मघाशी त्या पोराला विचारलं, पहिल्या दिवशी काय सांगितलं होतं तुला? तो म्हणाला, "खाली बघू नको म्हणले." मामाला सांगितलं होतं अगदी तेच. मध्ये चाळीसेक वर्षं गेली. मला पुढे बोलताच आलं नाही.

सेक्रेटरींशी आत्ता फोनवर वाजलं माझं. शेवटी ते म्हणाले, बरं, दोन दिवस काम थांबवतो, पण शिकवणार कोण ते तुम्हीच बघा. बघते. गिर्यारोहण करणाऱ्या मित्रांनो, कारखान्यांत सेफ्टीचं काम बघणाऱ्यांनो, ठाणे-मुलुंडकडे उंचीवरच्या कामाचं रीतसर प्रशिक्षण देणारं कुणी माहीत असेल तर आज रात्रीच इनबॉक्स करा. आठ जण आहेत. त्या दोन दिवसांची त्यांची मजुरी बुडता कामा नये, ती मी भरते. गच्चीवर हूक लावायला भक्कम जागा कुठे आहे, तेही कुणीतरी येऊन बघायला हवं.