भेगा पडणारी जमीन विकणाऱ्याला दिसली नाही का?

राजेहो, डोकं फिरलंय माझं. कुत्र्यानं हद्द ओलांडू नये म्हणून घराभोवती जमिनीतून न दिसणाऱ्या कुंपणाची वायर टाकून घेतली; कुत्रं वायरीजवळ गेलं की त्याच्या गळ्यातला पट्टा वाजतो, मग झटका देतो. ती वायर पुन्हा तुटली. वायरीत सिग्नल सोडणारा भिंतीवरचा डबा टीं-टीं करतोय अन् विकणारा फोनवर सांगतो, "दादा, तुमची मातीच खराब आहे."

माती खराब! पऱ्हाटी, तूर, सोयाबीन पिकवणारी काळी जमीन आहे ही. पावसाळ्यात फुगते, एप्रिल-मे मध्ये आटते अन् अशा भेगा पडतात की कोपरापर्यंत हात आत जातो. इकडचं शाळकरी पोरगंही हे सांगेल. अन् हा माणूस माप घ्यायला आला तेव्हा त्याच भेगा ओलांडत फिरला. दोन-तीन इंचांचा चर काढला अन् वायर टाकली तीही ताणून! जमीन फाटली की ती तुटणारच ना? थोडी सैल सोडून ठिबकच्या 16 मिमी नळीतून ओवली असती तर जमीन हलली तरी टिकली असती. प्लास्टिकमधून सिग्नल बरोबर जातो. असल्या जुन्या नळ्यांची भेंडोळी माझ्या गोठ्यामागे पडली आहेत. पण चकार शब्द बोलला नाही.

डब्यातून निघालेली वायर घराला वेढा घालून परत डब्यात आली पाहिजे, तरच हे चालतं. एका जागी तुटली की सगळंच बंद. गळ्यातला पट्टा ना वाजत, ना झटका देत. अन् कुठं तुटली हे डबा सांगत नाही. मग अर्ध्या वेढ्याला वरून सुटी वायर जोडायची. डबा गप्प झाला तर तूट त्याच अर्ध्यात. मग त्याचं अर्धं, मग त्याचंही अर्धं. मे महिन्यात, भर उन्हात, हाती सब्बल घेऊन! त्यानं दिलेले जोड पाहिले तर साधी काळी टेप गुंडाळलेली. पावसाचं पाणी शिरलं की आतलं तांबं सडणार. जेल भरलेले जोड मिळतात, ते लावायला काय झालं होतं?

लाईन गेली की डबाही बंद. बॅटरी वेगळी घ्यावी लागते, हे पैसे मोजून झाल्यावर कळलं.

लोक म्हणतात, साखळीनं बांध ना. अरे, रात्री रानडुकरं वावरात शिरतात तेव्हा बांधलेलं कुत्रं काय कामाचं? घराभोवती ते मोकळंच पाहिजे. पण डुकरामागं धुरा ओलांडून गेलं तर पुढं कोणाच्या वावरात काय लावून ठेवलंय, काही सांगता येत नाही. कुंपणाच्या तारेला सोलरची झटका मशीन असेल तर झटक्यावर भागतं. काहीजण मात्र तारेत सरळ लाईनचा 230 व्होल्टचा करंट सोडतात. त्यानं कुत्री मरतात, माणसं मरतात, आपल्या विदर्भात वाघ मेलेत. माझं जनावर तिथं जाऊ नये एवढ्यासाठी मी पैसे घातले!

अन् आता ऐका, वायर वॉरंटीत बसत नाही. फक्त डबा अन् पट्टा. घरात सावलीला टांगलेल्या डब्याला काय होणार आहे? तुटते ती वायर, अन् तिचीच जबाबदारी कोणी घेत नाही. नवं बंडल, नवी मजुरी, सगळं माझ्याच माथी. पैसे परत दे म्हटलं, तर आता फोन उचलत नाही.